वर्ल्डकपला अमेरिकेत जाताय आणि सोबत हृदयाचा त्रास असलेले वडील आहेत: विमा कसा काढावा?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चौघे जण जूनमध्ये फुटबॉल वर्ल्डकप बघायला अमेरिकेला निघालेत. दोघे मित्र तिशीतले, त्यातला एक अजून तालमीच्या संघाकडून फुटबॉल लीग खेळतो. विचारणारे स्वतः पस्तिशीचे. चौथे त्यांचे वडील, आबा. वय ६४, २०२१ साली अँजिओप्लास्टी झालेली, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू. अर्जेंटिनाचे गटातले तिन्ही सामने बघायचेत: १६ जूनला कॅन्सस सिटीत, २२ आणि २७ जूनला डॅलसजवळच्या आर्लिंग्टनमध्ये. एका एजंटाने चौघांनाही ५०,००० डॉलरची एकच स्वस्तातली पॉलिसी सुचवली आहे. न्यू जर्सीतला आतेभाऊ म्हणतो, अमेरिकन कंपनीची काढा. आणि तालमीतल्या मंडळींचं म्हणणं, अमेरिकेत इमर्जन्सी असली की हॉस्पिटलला नाही म्हणता येत नाही, मग विम्यावर पैसे कशाला घालवायचे? नक्की काय करावं?

शेवटच्या मतापासून सुरुवात करते, कारण त्यात अर्धं खरं आहे. अमेरिकेत १९८६ पासून तसा कायदा आहे. मेडिकेअर या सरकारी योजनेचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जो येईल त्याला तपासलंच पाहिजे आणि जिवावरचा धोका टळेपर्यंत उपचार केलेच पाहिजेत. विमा आहे का, खिशात पैसे आहेत का, हे बघून परत पाठवता येत नाही. आबांच्या छातीत दुखू लागलं तर तिथलं हॉस्पिटल त्यांना आत घेईल, याची काळजी नको. पण बिल घेऊ नका असं तो कायदा कुठेच म्हणत नाही. बिल येतं, आणि विमा नसलेल्याला ते बहुधा हॉस्पिटलच्या छापील दराने येतं. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी आणि तीन-चार दिवसांचा मुक्काम एवढ्यात आकडा लाख डॉलरच्या पुढे जाणं तिथे नवलाचं नाही. डॉलर नव्वद रुपये धरला तर हे नव्वद लाख झाले. शिवाय तो कायदा पेशंट स्थिर होईपर्यंतच लागू. त्यानंतरचे उपचार, पुढची तपासणी, व्हीलचेअरवरून परतीचा प्रवास, हे सगळं ज्याचं त्याने बघायचं.

आपल्या गावाने खेळापायी काय काय केलंय हे मी जाणते. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. त्या पैशाचं ब्राँझ पदक झालं. हॉस्पिटलच्या बिलापायी मात्र पेठेतलं एकही घर गहाण पडू नये, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आता मुद्द्यावर येते. चौघांना एकच पॉलिसी नको. तिघे तरुण, धडधाकट. त्यांना कुठलीही बरी पॉलिसी चालून जाईल. तुमचा सगळा प्रश्न आबांचा आहे. एजंट चौघांचा मिळून हप्ता कमीत कमी कसा बसेल हे बघतो, आणि मग जो प्लॅन तरुणांना पुरतो तोच आबांच्या गळ्यात पडतो. पासपोर्ट चार आहेत, पॉलिसीही चार काढा, आणि आबांची आधी ठरवा.

५०,००० डॉलर हा आकडा इतका का खपतो तेही सांगते. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं. ५०,००० डॉलरची पॉलिसी त्या अटीत बसते, त्यामुळे ती सगळ्यांच्या तोंडात बसली आहे. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला विम्याची अटच नाही. त्यामुळे तुमचं कव्हर तोकडं आहे असं सांगणारा तिथे कुणी भेटत नाही, ते थेट हॉस्पिटलच्या बिलिंग खिडकीवर कळतं. अमेरिकेला जाणाऱ्याला मी १ लाख डॉलरच्या खालची पॉलिसी देत नाही. तुम्हा तिघांना अडीच लाखांची घ्या. तुमच्या वयात हप्त्यातला फरक मॅचच्या एका तिकिटापुढे किरकोळ आहे.

आबांच्या बाबतीत मात्र पहिल्या पानावरच्या ठळक आकड्यावर जाऊच नका. पॉलिसीचे कागद उलटत गेलात की आतल्या एखाद्या पानावर बारीक अक्षरात एक तक्ता सापडेल. विशिष्ट वयापुढच्या माणसांसाठी, बहुतेक ठिकाणी साठीच्या पुढे, प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा घातलेली असते. खोलीचं भाडं दिवसाला इतकं, आयसीयू दिवसाला इतकं, सर्जनची फी इतकी, भूल देणाऱ्याची फी सर्जनच्या फीच्या इतके टक्के, तपासण्या इतक्या, अँब्युलन्स इतकी. याला सब-लिमिट म्हणतात. समजा आयसीयूची मर्यादा दिवसाला २,००० डॉलर आहे आणि हॉस्पिटल ९,००० लावतंय. तीन दिवसांचे झाले २७,०००. कंपनी देणार ६,०००. उरलेले २१,००० तुमच्या अंगावर, आणि पहिल्या पानावरच्या ५०,००० मधला मोठा हिस्सा अजून तसाच पडून. मोठ्या रकमेची पॉलिसी असूनही माणसं नडतात ती इथे. म्हणून एजंटाला सरळ विचारा: आबांच्या वयाला सब-लिमिट नसलेला प्लॅन कोणता? असे प्लॅन मिळतात. हप्ता जास्त बसतो. तो भरा. बॅग हरवली, विमान लेट झालं याची भरपाई कमी असली तरी चालेल. एजंट तीच पानं हौसेने दाखवतात, पण तुमच्या दृष्टीने ती फुटकळ आहेत.

दुसरी गोष्ट आधीपासूनच्या आजाराची. विम्याच्या भाषेत प्री-एक्झिस्टिंग. आबांचा अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट, शुगर, बीपी, तिन्ही त्यात आले. आपल्याकडच्या ट्रॅव्हल पॉलिसींत याबाबत तीन तऱ्हा दिसतात. काही पॉलिसी अशा आजाराचा छदामही देत नाहीत. काही म्हणतात, जिवावर बेतलं तर पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च देऊ, पण एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा कधी कधी एकूण कव्हरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच असते, म्हणून नेमका आकडा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि काही कंपन्या जादा हप्ता घेऊन, डॉक्टरांचे कागद बघून, जुना आजार बऱ्यापैकी कव्हरमध्ये घेतात. तुम्हाला या तिसऱ्या जातीची पॉलिसी हवी. ‘हार्टचं चालतंय हो, काय विषय नाही’ या तोंडी भरवशावर राहू नका. त्या एजंटाला म्हणा, कंपनीकडून मेलवर लिहून आणा: २०२१ ची अँजिओप्लास्टी जाहीर केलेल्या माणसाला अमेरिकेत पुन्हा हृदयाचा त्रास झाला तर किती डॉलरपर्यंत मिळेल?

या आजाराचा मी एवढा धोशा लावते आहे त्याला कारण आहे. २००६ च्या वर्ल्डकपच्या वेळी म्युनिक आणि आसपासच्या डॉक्टरांनी हृदयाच्या इमर्जन्सी केसेसची नोंद ठेवली होती. २००८ साली ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी या केसेस एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या. ज्यांना आधीच हृदयविकार होता त्यांच्यात चौपट. आणि सगळ्यात जास्त केसेस मॅच सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत. ही माणसं आपल्याच गावात, आपल्याच भाषेत मॅच बघणारी होती. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली की पायरीवर बसलेल्या साठी-पासष्टीच्या माणसांची काय अवस्था होते ती तुम्हीही बघितली आहे. आबांना नेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. आयुष्यभर ज्या संघासाठी जागरणं केली तो डोळ्यांसमोर खेळताना बघायचं सुख त्यांना मिळायलाच हवं. पण ज्या पॉलिसीतून हृदयच वगळलंय ती घेऊन त्यांना नेऊ नका.

म्हणूनच ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढतो’ असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. तिथला डॉक्टर आल्या आल्या विचारतो, जुने आजार कुठले, गोळ्या कुठल्या. तुम्ही खरंच सांगणार, आणि सांगितलंच पाहिजे, उपचार त्यावर ठरतात. ते तिथल्या तिथे संगणकात चढतं आणि डिस्चार्ज समरीत उतरतं. पुढे क्लेम तपासणारा तो कागद आणि पॉलिसी काढताना तुम्ही भरलेला प्रपोजल फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचतो. माझ्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये काकूंचा पाय पायरीवरून घसरला होता आणि मनगट मोडलं होतं. हृदयाशी काही संबंध नाही. पण फॉर्मवर बीपी लिहिलेलं नव्हतं आणि हॉस्पिटलच्या कागदावर होतं. चक्कर येऊन पडल्या नाहीत, पाय घसरूनच पडल्या, हे पटवून देण्यात घरच्यांचे कित्येक महिने गेले.

याला लागून एक अट अशी की डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलेलं असताना गेलात, किंवा सांगितलेला उपचार पुढे ढकलून गेलात, तर त्या आजाराचा खर्च मिळत नाही. आबांना अँजिओग्राफी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगितली असेल आणि ‘परत आल्यावर करू’ असं चाललं असेल, तर ती आत्ताच करून घ्या.

आता आतेभावाच्या सल्ल्याबद्दल. तो चुकीचं सांगत नाही, पण ‘अमेरिकन पॉलिसी’ एवढं म्हणून भागत नाही. तिकडे पाहुण्यांसाठी दोन जातीचे प्लॅन विकले जातात. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते. इमर्जन्सीच्या फेरीला इतकी, एक्स-रेला इतकी, ऑपरेशनला इतकी. बिल कितीही होवो, त्यावर दमडी मिळत नाही. हा प्लॅन स्वस्त दिसतो, आणि आई-वडिलांना बोलावणारी मुलं घाईत नेमका हाच घेतात. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह. त्यात डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून द्यायची सुरुवातीची रक्कम, गेली की मर्यादेपर्यंतच्या बिलाचा बहुतांश भाग कंपनी उचलते. घ्यायचाच तर हा. यात जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर त्यासाठी एक कलम असतं: त्रास अनपेक्षित हवा, चोवीस तासांच्या आत उपचार सुरू झालेले हवेत आणि वय ठरावीक मर्यादेच्या आत हवं. आबा ६४ चे म्हणजे बहुतेक प्लॅनमध्ये बसतील. पण याच कलमात हृदयविकार आणि पक्षाघाताला वेगळी, बरीच कमी मर्यादा ठेवलेली असू शकते. भावाला फोन करून तेवढी एक ओळ वाचून दाखवायला सांगा.

अमेरिकन पॉलिसीचा मोठा फायदा म्हणजे हॉस्पिटलं ती ओळखतात. नेटवर्कमधलं हॉस्पिटल असलं की बिल थेट कंपनीकडे जातं, रिसेप्शनवर हुज्जत घालावी लागत नाही. तोटा असा की पुढे वाद झालाच तर दाद तिकडेच मागायची, इथून काही करता येत नाही.

माझं मत विचाराल तर तुम्ही तिघांनी इथलीच भारतीय पॉलिसी घ्यावी. आबांसाठी आधी इथे सब-लिमिट नसलेला आणि स्टेंट जाहीर करूनही हृदयाचं कव्हर देणारा प्लॅन शोधावा. तसं लिहून मिळालं तर तोच घ्यावा. नाही मिळालं तर भावाकडून कॉम्प्रिहेन्सिव्ह काढून घ्यावा. चार पैसे वाचतात म्हणून यातलं काही सोडू नका.

तुम्हा तरुणांच्या पॉलिसीत सगळ्यात घातक अट दारूची आहे. दारूच्या अमलाखाली झालेली दुखापत बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. कॅन्सस सिटीच्या स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये मॅचआधी तासन् तास खाणं-पिणं करायची तिथल्या लोकांची जुनी पद्धत आहे, आणि पाहुण्यांनाही आग्रह होतो. पायऱ्यांवरून पाय मुरगळून इमर्जन्सीत गेलात आणि नर्सने ‘मद्यपान केल्याचं सांगतो’ एवढी ओळ लिहिली, की क्लेमला तिथेच अडथळा आला. मॅचच्या दिवशी पिऊ नका, हे मी विम्याच्या हिशोबाने सांगते आहे. मारामारीतली दुखापतही अशीच बाहेर पडते, तुम्ही हात उचलला असेल तर. समोरच्या संघाच्या पाठिराख्यांशी जुंपायची हौस इथेच ठेवून जा.

तुमच्यातल्या खेळाडूने बूट सोबत घ्यायचं म्हटलंच असेल. मैदानात हौसेखातर चेंडू मारला आणि दुखापत झाली तर बहुतेक पॉलिसी देतात. प्रोफेशनल खेळ किंवा आयोजित स्पर्धा मात्र वगळलेली असते. तिथल्या भारतीय मंडळाने ठेवलेल्या सेव्हन-अ-साइड स्पर्धेत नाव देऊन गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर ते ऑपरेशन आपल्या पैशाने. जाणार असाल तर कंपनीला आधी मेल टाकून विचारा.

उन्हाचंही बघायला हवं. आर्लिंग्टनचं स्टेडियम छत बंद होणारं आणि वातानुकूलित आहे, पण तिथे सार्वजनिक वाहतूक जवळपास नाहीच, त्यामुळे पार्किंगपासून गेटपर्यंतची चाल आणि रांग भर उन्हात. जूनमधलं टेक्ससचं ऊन आपल्या मे महिन्यासारखंच असतं. कॅन्सस सिटीचं स्टेडियम तर पूर्ण उघडं. २५ जून २०२४ ला कोपा अमेरिकातल्या पेरू-कॅनडा मॅचमध्ये, कॅन्सस सिटीच्याच दुसऱ्या मैदानावर, एक सहायक पंच उकाड्याने मैदानातच कोसळला होता. तो तंदुरुस्त माणूस, सरावातला. आबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर शरीरातलं पाणी आणखी लवकर कमी होतं. त्या गोळीचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून जा, मनाने गोळी बंद करू नका. उष्माघाताचे उपचार पॉलिसीत बसतात, तो प्रश्न नाही.

तारखांची एक गोष्ट फुटबॉलच्या पाहुण्यांना हमखास नडते. गटाच्या तीन मॅचचं ठरवून गेलेली माणसं संघ पुढे गेला की मुक्काम वाढवतात, आणि पॉलिसी परतीच्या जुन्या तारखेला संपते. यंदा ४८ संघ आहेत, बाद फेरी ३२ संघांपासून सुरू होते आणि फायनल १९ जुलैला आहे. अर्जेंटिना पुढे गेली तर तुम्ही २८ जूनला परत निघाल असं मला काही वाटत नाही. पॉलिसी वाढवता येते, पण ती संपायच्या आत, आणि बहुतेक कंपन्यांत तोवर क्लेम झालेला नसेल तरच. आबांच्या बाबतीत त्यावर अवलंबून राहू नका. सुरुवातीलाच जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतची काढा. भारतीय पॉलिसी निघण्याआधीच काढावी लागते, हेही लक्षात असू द्या. व्हिसा नाकारला गेला तर पासपोर्टची प्रत दाखवून बहुतेक कंपन्या थोडं शुल्क कापून हप्ता परत करतात, त्यामुळे थांबण्यात काही फायदा नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयांना मेक्सिकोत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं, म्हणून कुणीतरी ऐन वेळी मेक्सिकोची टूम काढेल. पॉलिसीवर ‘अमेरिका-कॅनडासह जगभर’ असं लिहिलं असेल तर मेक्सिको आणि वाटेतलं दुबई-दोहा त्यात आलं. फक्त एका देशाचं नाव असेल तर नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तिन्ही यजमान देशांत इमर्जन्सीचा नंबर ९११.

निघण्यापूर्वी आबांच्या कार्डिओलॉजिस्टकडे एकदा निवांत जा आणि एका पानाचा सारांश इंग्रजीत घ्या: काय झालं होतं, स्टेंट कुठल्या रक्तवाहिनीत, गोळ्यांची जेनेरिक नावं आणि डोस, प्रवासास योग्य असल्याचा शेरा. सोबत ताज्या ईसीजीचा स्पष्ट फोटो चौघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. छातीत दुखतंय म्हणून गेल्यावर तिथला डॉक्टर नवा ईसीजी काढतो, तेव्हा जुना शेजारी ठेवायला मिळाला तर कुठला बदल जुना आणि कुठला आजचा हे त्याला लगेच कळतं. यात वेळही वाचतो आणि उगाच होणाऱ्या तपासण्याही टळतात. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत, आणि ठरलेल्या मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्तीच्या घ्या, कारण आपली चिठ्ठी तिथल्या केमिस्टकडे चालत नाही. कॅन्सस सिटी आणि डॅलसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. शुगरची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. स्टेडियममध्ये बहुधा पारदर्शक बॅगच आत सोडतात. सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, आबांच्या शर्टाच्या खिशात असू द्या, तुमच्या बॅगेत नको.

तिथे काही झालंच तर काय करायचं हे चौघांनाही पाठ हवं, कारण आबांसोबत त्या क्षणी कोण असेल सांगता येत नाही. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध जाणं: सरळ ९११. विम्याचा विचार तेव्हा करायचा नाही. पेशंट डॉक्टरांच्या ताब्यात गेला की चौघांतल्या एकाने बाहेर येऊन पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला फोन करायचा. आपल्या कंपन्यांचं तिकडचं काम ही असिस्टन्स कंपनी बघते, आणि हॉस्पिटलला ‘बिल आम्ही देऊ’ हे पत्र तीच पाठवते. बहुतेक पॉलिसींत चोवीस तासांत कळवायची अट असते. फोनवर रेफरन्स नंबर मिळतो, तो वेळेसकट लिहून ठेवा.

ताप, जुलाब, मुरगळलेला पाय, कानात दुखणं यासाठी मात्र इमर्जन्सीत जाऊ नका. अमेरिकेत अर्जंट केअर नावाचे छोटे दवाखाने जागोजागी असतात. तिथलं बिल सहसा शेकड्यांत होतं, तेच काम इमर्जन्सीत हजारांत जातं. हे पैसे बहुधा आधी तुम्ही भरायचे आणि परत आल्यावर क्लेम करायचा. कॅशलेस मुख्यतः ऍडमिट झाल्यावरच.

हॉस्पिटलच्या बिलिंग डेस्कवर ‘परदेशी विमा चालत नाही’ असं ऐकायला मिळेल. घाबरून क्रेडिट कार्ड पुढे करू नका. त्या बाईला असिस्टन्स कंपनीचा नंबर द्या, दोघांचं बोलणं तिथल्या तिथे करून द्या. तरीही नाहीच म्हणाले तर सांगा, आम्ही सेल्फ-पे, म्हणजे स्वतः पैसे भरणारे आहोत, खर्चाचं कलमवार बिल द्या आणि सेल्फ-पेला मिळणारी सूट लावा. विना-नफा हॉस्पिटलांना गरजूंसाठी आर्थिक सवलतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं, त्याचा फॉर्मही मागून घ्या. एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते: तिथे बिल एक येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, रेडिओलॉजिस्टचं वेगळं, लॅबचं, अँब्युलन्सचं. यातली काही तुम्ही कोल्हापुरात परतल्यावर महिन्या-दीड महिन्याने येतात. म्हणून रजिस्ट्रेशनच्या वेळी पिनकोडसह पूर्ण पत्ता आणि चालू ई-मेल द्या, जमल्यास भावाचाही पत्ता द्या. आलेलं प्रत्येक बिल असिस्टन्स कंपनीकडे पाठवत राहा. दुर्लक्ष केलेलं बिल वसुली एजन्सीकडे जातं.

मुंबईत उतरल्यावर क्लेमसाठी जे लागतं त्यातलं बरंचसं तिथून निघतानाच गोळा झालेलं हवं: डिस्चार्ज समरी, कलमवार बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, जाता-येताचे बोर्डिंग पास. अमेरिकेत आता बऱ्याच विमानतळांवर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. आगमनाची नोंद आय-९४ नावाने तिथल्या सरकारी वेबसाइटवर असते, ती उतरल्या दिवशीच काढून मोबाइलमध्ये ठेवा, कारण प्रवास केल्याचा पुरावा म्हणून कंपनी ती मागू शकते.

क्लेम अडवला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर त्यांच्याच अखत्यारीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत अर्ज जायला हवा. त्या अर्जाला जोडायच्या कागदांत सगळ्यात वर मी आबांच्या प्रपोजल फॉर्मची प्रत लावेन, स्टेंट, शुगर आणि बीपी तिन्ही लिहिलेली. ती आज पॉलिसी काढतानाच एजंटाकडून मागून घ्या.